जुनी जर्मन सेडान: सोमवारी सकाळी बॅटरी उतरलेली आणि स्कॅनरवर १९ कोड

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असेल तर पुढचं वाचायचे कष्ट नकोत.

शुक्रवारी रात्री आठला गाडी ठणठणीत चालवत आणून पार्किंगमध्ये लावली. सोमवारी सकाळी आठला रिमोट दाबला तर गाडी ढिम्म. रिमोटच्या पोटातली किल्ली काढून दार उघडलं, सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला की चालू होणार, पण डॅशबोर्डवर दिवाळी: एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे पिवळे दिवे एकदम. पुण्यात कर्वे पुतळ्यापर्यंत पोहोचेतो त्यातले निम्मे आपोआप विझलेले. मग आठ-दहा दिवस जणू काही झालंच नव्हतं. मधूनच डावीकडचं मागचं दार लॉक व्हायला नकार देणार, आणि एकदा तर रात्री वॉचमनने फोन केला की साहेब, तुमच्या गाडीची काच आपोआप खाली आलीय.

गाडी २००९ सालची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. मी तिचा तिसरा मालक. २०२१ मध्ये नव्या हॅचबॅकच्या किमतीत घेतली, त्यामुळे घरात तिला 'हौस' असंच नाव आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेवटी दोष निघाला तो पाण्याचा आणि थोडा माझ्या उतावळेपणाचा. शिवाय खाली जे सांगतोय ते त्या काळातल्या कुठल्याही महागड्या, इलेक्ट्रॉनिक्सने ठासून भरलेल्या गाडीला चालेल.

आधी कुठे कुठे पैसे घातले

पहिल्यांदा बॅटरी बदलली. २२ हजार. तीन आठवडे गाडी सुतासारखी चालली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की बॅटरीच होती. ती नव्हती. नवी बॅटरी गळती थांबवत नाही, फक्त टाकी मोठी आणि भरलेली असते म्हणून रिकामी व्हायला जास्त दिवस लागतात. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर, काढून तपासून घेतला. तो बरा होता. गाडी चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १४.२ व्होल्ट मिळत होते, म्हणजे तो काढायची गरजच नव्हती. एक सांगून ठेवतो: या वयाच्या काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, तेव्हा एकदा १३.२ दिसले म्हणून त्याला मोडीत काढू नका. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा आणि पुन्हा बघा.

तिसऱ्यांदा एका गॅरेजमध्ये मोठ्या स्कॅनरवर गाडी लावली. १९ कोड निघाले, म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवून ठेवलेल्या बिघाडांचे नंबर. तिथल्या मुलाने कोडांची प्रिंट हातात दिली आणि सांगितलं की कम्फर्ट युनिट (दारं, लॉक, काचा सांभाळणारा छोटा कंप्युटर; गाडीत असे बरेच असतात) गेलंय, नवं ८५ हजार, कोडिंग वेगळं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कोड वाचला आणि कोडात जे नाव आलं तो पार्ट बदलायला सांगितला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, हा प्रकार जुन्या आलिशान गाड्यांत रोज चालतो.

१९ कोडांतले खरे किती

त्या रात्री प्रिंट घेऊन बसलो आणि पेनाने कोडांची जातवारी केली. कोडाचं पहिलं अक्षर बघायचं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, ब्रेक वगैरे, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे युनिटांचं आपसातलं बोलणं. माझ्या १९ पैकी ११ यू होते: 'अमुक युनिटशी संपर्क नाही', 'तमुक युनिटकडून संदेश नाही'. ५ कोड 'पुरवठ्याचं व्होल्टेज कमी' असे. उरले ३.

बॅटरी उतरलेल्या गाडीला सेल्फ मारला की व्होल्टेज ९-१० च्या खाली जातं. त्या क्षणी निम्मी युनिटं बेशुद्ध पडतात आणि उरलेली त्यांच्या नावाने बोंब ठोकतात. ती बोंब म्हणजेच ते ११ कोड. ज्याचं नाव आलं तो आजारी नसतो, त्याला फक्त त्या वेळी वीज मिळालेली नसते.

म्हणून पहिलं काम: सगळ्या कोडांचे फोटो काढा, मग कोड पुसा. बॅटरी चार्जरवर लावून रात्रभर पूर्ण भरा. जंप देऊन गावभर फिरवून ती भरत नाही. माझं ऑफिस सहा किलोमीटरवर, त्यातला अर्धा वेळ सिग्नलला. बॅटरी भरल्यावर तासभर थांबून मोजा, १२.६ किंवा जास्त हवेत. दोन दिवस गाडी चालवा आणि मगच पुन्हा स्कॅन करा. माझे १९ चे ३ झाले. तिन्ही एकाच घरचे: डावीकडच्या मागच्या दाराचं लॉक, डावीकडची काच आणि कम्फर्ट युनिटचा स्वतःचा एक कोड. आता कुठे काहीतरी हाताला लागलं.

स्कॅनरबद्दल दोन शब्द. पाचशे-हजारात मिळणारं ब्लूटूथचं डाँगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतं, कारण ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखून सांगण्याच्या सोयीची, सक्तीच मुळात धुराच्या प्रदूषणासाठी आली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आपल्याकडे ओबीडी-२ बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून. दार, काच, सीट, एअरबॅग यांच्याशी बोलायला त्या त्या कंपनीची भाषा येणारं सॉफ्टवेअर लागतं. 'डाँगलवर काही कोड नाही' याचा अर्थ गाडी निरोगी असा घेऊ नका.

युनिटांचं बोलणं चालतं ते कॅन बसवर, म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवर. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. इंजिनाकडच्या जलद बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. पण यात एक गोम आहे. बऱ्याच महागड्या गाड्यांत सॉकेट आणि खऱ्या बसच्या मध्ये गेटवे, म्हणजे मधला दुभाष्या, बसलेला असतो, तेव्हा तुम्ही मोजता तो फक्त दारातला व्हरांडा. शिवाय दारं-काचांची बस अनेकदा वेगळी आणि संथ असते, तिला हा ६० चा नियम लागत नाही. मला ६० आले, मी खूश झालो, आणि त्याने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

वीज कुठे गळतेय

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, जाऊन एक बरा मल्टिमीटर घेतला. तारेभोवती नुसता अडकवून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं; पण तो मिलिअँपिअरपर्यंत नीट दाखवतो का ते दुकानातच तपासा, साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात.

माझ्या गाडीची बॅटरी डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याशेजारी. डिकी उघडी ठेवून मोजायचं तर गाडीला वाटतं कोणीतरी आहे, ती जागीच राहते, युनिटं झोपत नाहीत. म्हणून डिकीच्या लॉकमध्ये स्क्रू-ड्रायव्हरने कडी फिरवून 'बंद' केली, लॉकला वाटलं दार लागलं. (डिकी लावायच्या आधी रिमोटने कडी सोडवा, नाहीतर दार आपटून लॉक वाकेल.) बॉनेटची आणि चालकाच्या दाराची तीच गत. दार उघडं ठेवायचं कारण आतला फ्यूजबॉक्स हाताशी हवा. किल्ली घरात, दोन मजले वर. किल्ली खिशात ठेवून गाडीभोवती फिरलात तर जवळ आलेल्या किल्लीला ओळखून ती पुन्हा जागी होते.

क्लॅम्प निगेटिव्ह केबलभोवती अडकवला. आकडा ४.८ अँपिअर. ते ठीक आहे, गाडी अजून जागी आहे. खुर्ची टाकून बसलो. दहा मिनिटांनी २.१. बायको चहा घेऊन आली, म्हणाली, "पेशंट कसा आहे?" अठराव्या मिनिटाला टक असा एक रिले पडल्याचा आवाज आला आणि आकडा ०.९ वर आला. मी वाट बघत राहिलो. चाळीस मिनिटं झाली, तासभर झाला. ०.९ ला हलायचं नाव नाही.

इथे ०.०५ किंवा त्याहून कमी हवा होता. आता हिशोब करा: शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे ६० तास, गुणिले ०.९, बरोबर ५४ अँपिअर-तास. माझी बॅटरी ८० ची, ती पण कधी पूर्ण न भरलेली. सोमवारच का, हे कोडं त्या खुर्चीतच सुटलं. मधल्या वारी गाडी रोज थोडीशी भरत होती.

यानंतर लोक एकेक फ्यूज उपसायला लागतात. तसं करू नका. फ्यूज काढला-घातला की झोपलेली युनिटं उठून बसतात आणि पुन्हा अर्धा तास गेला. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावर जी दोन उघडी टोकं दिसतात त्यांत मीटरच्या पिना टेकवा, मिलिव्होल्टवर. ज्यातून वीज जात नाही तिथे शून्य. माझ्याकडे एका पंधरा अँपिअरच्या फ्यूजवर ४ मिलिव्होल्ट दिसले. निळ्या पंधराच्या फ्यूजचा स्वतःचा रोध साधारण पाच मिलिओहमच्या आत असतो, म्हणजे ०.८ अँपिअरच्या पुढे-मागे. चोर सापडला. फ्यूजच्या तक्त्यावर त्या नंबरपुढे लिहिलं होतं: कम्फर्ट युनिट, दारं.

म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता? नावापुरता. युनिट झोपत नव्हतं हे खरं, पण का झोपत नव्हतं?

मामांनी स्कॅनर लावलाच नाही

नाना पेठेत एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी सगळे आकडे लिहून नेले होते. मामांनी कागद बाजूला ठेवला, डावीकडचं पुढचं दार उघडलं, आत वाकले आणि नुसता वास घेतला.

"साहेब, पाणी कुठून येतंय ते सांगा आधी."

"पाणी नाही मामा, मॅट कोरडी आहे."

त्यांनी मॅट काढली, कार्पेटवर पंजा ठेवून वजन टाकलं. बोटांच्या फटींतून काळपट पाणी वर आलं. वरचं कापड कोरडं, खालचा तीन बोटं जाड फोम तुडुंब. ओल्या गोणपाटाचा तो वास मी चार महिने एसीचा समजत होतो.

कार्पेट उचललं तर खाली प्लास्टिकच्या डबीत कम्फर्ट युनिट. जर्मन इंजिनिअरांनी गाडीतली सगळ्यात नाजूक वस्तू गाडीतल्या सगळ्यात खोल जागी का ठेवली हे त्यांनाच माहीत. डबी कोरडी होती. तिच्या कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडात, मात्र दोन पिनांवर हिरवी बुरशी आल्यासारखा तांब्याचा गंज, आणि त्या दोन पिनांतली एक दाराच्या स्विचची. ओलाव्यातून थोडी वीज झिरपायची, युनिटला वाटायचं दार उघडंय, आणि ते रात्रभर पहारा देत बसायचं.

मामांनी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केल्या. पॉलिश पेपर लावू दिला नाही. वरचा मुलामा गेला की सहा महिन्यांत पुन्हा गंज. एक पिन खालून खाल्लेली होती, ती तारेच्या तुकड्यासकट बदलली. फोम काढून घेतला, तो माझ्या गॅलरीत चार दिवस वाळत होता. सगळा खर्च १,८०० रुपये. रात्री मोजलं: ०.०३.

जाता जाता, पिवळे कपलर दिसले तर त्यांत मीटर घालू नका, ते एअरबॅगचे असतात. कार्पेट काढायला सीट काढावी लागली तर आधी बॅटरी सोडवून थोडा वेळ जाऊ द्या. आणि भंगारातून स्वस्तात युनिट आणून बसवायचा सल्ला पुण्यात हमखास मिळतो. काचेचं बटण, मोटर, दिवा जरूर आणा. पण इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाशी) बांधलेलं युनिट दुसऱ्या गाडीतून आणून नुसतं खोचलं तर चालत नाही, कधी कधी गाडीच चालू होत नाही.

डिसेंबरमध्ये परत

इथे लेख संपायला हवा होता. पावसाळा संपला, दसरा-दिवाळी छान गेली, आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी गाडी पुन्हा ढिम्म. कार्पेट पुन्हा ओलं. पुण्यात महिनाभर पावसाचा थेंब नाही.

चूक माझीच. मामांनी पहिल्याच वाक्यात विचारलं होतं पाणी कुठून येतंय, आणि मी 'पावसाचं असेल' म्हणून विषय संपवला होता.

आता एकेक शक्यता खोडत गेलो. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी कार्पेट भिजतं, पण मी डिसेंबरात एसी लावलाच नव्हता. हीटरचा कूलंट गळत असता तर ओल चिकट असती आणि गोडसर वास आला असता. सनरूफच्या कोपऱ्यांतली भोकं कपभर पाणी ओतून तपासली, चारही चाकांपाशी पाणी नीट उतरलं. (ती तुंबली असली तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या नळीचा जोड निसटतो आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं.)

उत्तर शनिवारी सकाळी बाल्कनीतून दिसलं. सोसायटीत गाड्या धुणारे काका रोज फक्त ओलं फडकं मारतात. शनिवारी मात्र आंघोळ. त्यांनी अख्खी बादली पुढच्या काचेवर उपडी केली आणि ते सगळं पाणी वायपरखालच्या जाळीत गेलं. मी खाली पळालो.

जाळीच्या उजव्या टोकाला लिटरभर पाणी ओतलं, तीन-चार सेकंदांत चाकामागे धार लागली. डाव्या टोकाला ओतलं. काही नाही. पाणी आत उभं राहिलं, हळूहळू खाली गेलं, पण जमिनीवर थेंब नाही. जाळी काढली तर खाली गुलमोहराच्या बारीक पानांचा आणि धुळीचा चिखल, विटेसारखा घट्ट, आणि निथळायचं भोक त्याच्याखाली गाडलेलं. गुलमोहर दिसायला सुंदर, पण त्याची पानं तांदळाएवढी, कुठल्याही जाळीतून जातात. पाणी त्या हौदात चढायचं आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेने थेट डावीकडच्या पायाखाली. एसीचा फिल्टर काढला तर त्यावर चिखलाची स्पष्ट रेघ होती, तळ्याच्या काठावर असते तशी. तो फिल्टर मी आधीच काढून बघितला असता तर दोन मिनिटांत समजलं असतं. तुमच्या गाडीत विचित्र इलेक्ट्रिकल प्रकार चालू असतील तर आधी तोच बघा, स्कॅनर नंतर.

भोकाच्या तोंडाशी एक रबरी चोचही होती, तीत कचरा अडकतो. ती काढून साफ करून परत लावली. पूर्ण काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, मी दिला नसता. तिथून इंजिनाची गरम हवा आणि वास आत येतो.

काकांना सांगितलं, "काका, काचेवर बादली नको, फडकंच मारा." ते म्हणाले, "पंधरा वर्षं सगळ्या गाड्या अशाच धुतोय, कुणाला काही झालं नाही." खरंय. बाकीच्यांच्या गाड्यांत कार्पेटखाली फोमशिवाय काही नाही.

आणि ते डाँगल

एक गोष्ट लाज वाटते म्हणून शेवटी ठेवली. जानेवारीत सगळं नीट झाल्यावर मोजलं तर ०.०३ च्या जागी ०.०९. अर्धा दिवस शोधत होतो. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेत बॅटरीची वीज कायम असते, किल्ली काढली तरी. मी कोड बघायला घेतलेलं डाँगल तिथेच खोचून ठेवलं होतं आणि ते रात्रभर ब्लूटूथवर माझ्या फोनची वाट बघत बसलेलं. काढलं, आकडा परत ०.०३. हेच डॅशकॅमच्या बाबतीत, हेच मागाहून बसवलेल्या ट्रॅकरच्या बाबतीत. आधीच्या दोन मालकांनी काय काय बसवून घेतलंय ते एकदा डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. मला एक जुना अलार्म सापडला, ज्याचा रिमोट कुणाकडेच नाही.

या पावसाळ्यात गाडी त्याच गुलमोहराखाली उभी असते, सोसायटीत दुसरी जागा नाही. महिन्यातून एकदा जाळीत लिटरभर पाणी ओतून धार मोजतो. बॅटरी एकदाही उतरली नाही. डावीकडचा आरसा मात्र रिव्हर्स टाकला की खाली झुकतो आणि पुन्हा वर यायला विसरतो. त्याचा कोड कुठेच येत नाही.